काळी मिरी, लाल मिरची

कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं असा कायदा 2024 मध्ये झाला, तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मराठी पाटी असावी हे मलाही वाटतं. लंडनमध्ये बसून वाटायला काय जातं म्हणा.

इथल्या ब्रिटिश लायब्ररीत पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांच्या टपालावरचे सेन्सॉरचे अहवाल आहेत. शिपाईही हुशार. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात, असं घरी कळवायचे. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला ते कळलं, म्हणून तर नोंद राहिली. पण पत्र कुठल्या का भाषेतलं असेना, वाचायला मिळतं इंग्रजीतच.

तिथं बसलो की मला आमचा काका आठवतो. 1971 मध्ये तो बेळगावला लष्कराच्या मराठा सेंटरमध्ये रंगरूट होता. घर 25-26 किलोमीटरवर, तरी खुशाली टपालानंच यायची. आजीला अक्षरओळख नव्हती. ती सांगायची, गुरुजी लिहायचे: भात कापून झालं, म्हस गाभण आहे, तब्येत जप. डिसेंबरात लढाई पेटली, तरी पत्रात लढाईचा शब्द नाही. त्यानं रगड्याबद्दल, म्हणजे कवायतीच्या शिक्षेबद्दल, लिहायचं नाही, तिनं रडल्याचं सांगायचं नाही. आलेलं पत्र वाचून दाखवायचा तो पोस्टमन घरी कन्नड बोलणारा. हे आत्ता ग्रुपवर लिहिलं तर शिव्या खाईन.

गोऱ्या साहेबानं संशयापोटी का होईना, शिपायांचं लिहिणं जपलं. आपण? गेल्या महिन्यात ग्रुपवर विचारलं, आजीची पत्र्याची पेटी कुणाकडं आहे? जुनं घर पाडलं तेव्हा भंगारात गेली म्हणे. कागद त्याआधीच बंबात. लगेच पुढचा मेसेज पाटीचा. भाषेसाठी रस्त्यावर उतरणाऱ्या घरानं आपल्याच माणसांची मराठी बंबात घालावी, याचा मला राग येतो. त्यात मीही आलो. पेटी मी पाहिली होती, उघडली नव्हती.

रात्री आत्यानं एक फोटो पाठवला. पोथीत राहिलेलं काकाचं एकच इनलँड. शाई फुटलेली, घडीवर दोन ओळी गेलेल्या. शेवट मात्र लागतो: ‘म्हशीला रेडी झाली की रेडा, ते कळवणे. मी बरा आहे.’