वरचा मजला कोरडा, पंप पाण्यात

‘पुराचा विचार केला तर सांगलीत बंगल्यापेक्षा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट निर्धास्त’ हे एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं आहे. फ्लॅटमध्ये पाणी येत नाही, मान्य. पण मीटर पॅनेल, पंपाचा स्टार्टर, जमिनीखालची टाकी आणि लिफ्टचा खड्डा, सगळं पार्किंगमध्येच असतं! २०१९ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती (धोका पातळी ४५), तेव्हा अशा इमारतींत वरच्यांनाही ना वीज, ना पाणी. बंगल्याचा मालक ४० फुटांच्या इशाऱ्यालाच चार बोल्ट आणि दोन युनियन (पाइपचे उघडता येणारे जोड) सोडून मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) पंप वर नेतो. अपार्टमेंटमध्ये ‘कोण काढणार’ यावरच रात्र जाते.

फ्लॅट घेताना म्हणून आधी पार्किंग बघा. मीटर पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर हवेत, टाकीचं तोंड उंच उचललेलं हवं आणि ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) हवा, नाहीतर तुंबलेलं मैलापाणी उलटं तळमजल्यावर चढतं. पूर ओसरल्यावर भिजलेली मोटर लगेच चालू केली की वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) जळलंच समजा. ती वाळवून मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) किमान १ मेगाओहम दाखवेपर्यंत थांबावं. टाकी उपसून घासायची, भरायची, १००० लिटरला १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून वरचं निवळ पाणी तेवढं ओतायचं, २४ तास ठेवून सगळं पाणी सोडून द्यायचं. बंगल्यालाही हेच लागू, फक्त तिथे ठरवायला सभा लागत नाही.