आई म्हणते, चार राहिल्या

माझ्या जुन्या मोबाईलमध्ये अकरा मिनिटांचा एक व्हिडिओ आहे. ऑगस्ट २०१९, महापुरातली रात्र, पावणेदोनची वेळ. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घराचा जिना, आणि त्यावर वरच्या पायरीवरून धरलेली टॉर्च. खाली काळं पाणी. त्यात एक चप्पल आणि भांडी घासायची प्लास्टिकची पाटी गोल गोल फिरतेय. स्वयंपाकघराकडून ढप्, थोडं थांबून परत ढप्, असा आवाज येत राहतो. आमचा फ्रिज तरंगत दाराच्या चौकटीवर आपटत होता. अकरा मिनिटांत पाणी जेमतेम बोटभर चढतं. सगळ्या व्हिडिओत बोलणं एकच आहे. माझ्या मागे बसलेली आई म्हणते, "चार राहिल्या."

जिन्याला एकूण नऊ पायऱ्या. पाच पाण्याखाली गेल्या होत्या.

पंचवीस वर्षं मी लग्नाची शूटिंगं करतोय. व्हीएचएसच्या कॅसेटपासून सुरुवात केली, मग मिनी डीव्ही, मग डीएसएलआर, आता ड्रोन. इतक्या वर्षांत हजारो तास शूटिंग झालं असेल. त्या सगळ्यात मी काढलेली सर्वांत खरी गोष्ट कुठली असं कुणी विचारलं, तर मी हा जिन्याचा व्हिडिओ दाखवेन. आजवर तो कुठेही टाकला नव्हता. ह्यात काहीच घडत नाही, लोक दोन सेकंदांत पुढे सरकवतील, असं वाटायचं. ते वाटणं चूक होतं. आज एवढं लांबलचक लिहितोय ते त्यासाठीच.

थोडं मागे जातो. पुराच्या आधी, त्याच वर्षी फेब्रुवारीत मी कोचीला गेलो होतो. आपल्या विटा-खानापूरकडची गलाईवाली मंडळी सोनं गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलीत, तशी केरळातही आहेत. त्यांच्यातल्या एका घरचं लग्न होतं. लग्न उरकलं, गाडीला एक दिवस बाकी होता, आणि शहरात कोची-मुझिरिस बिनाले चालू होतं. २०१२ पासून तिथे हे मोठं कलाप्रदर्शन भरतं. जुन्या वखारी, जुने वाडे, त्यांत चित्रं, वस्तू आणि अंधाऱ्या खोल्यांत भिंतभर चालणारे व्हिडिओ. मी गेलो होतो वेळ काढायला.

तिथे एका ठिकाणी छताला फ्रिज टांगलेला होता. शेजारी खुर्च्या, कपाटं, फुगलेली पुस्तकं, घरातल्या विजेच्या वस्तू, सगळं हवेत लोंबकळत. बांगलादेशच्या मार्झिया फरहाना या कलाकार बाईंचं काम. आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळात जो पूर आला त्यात लोकांच्या घरातून वाहून-भिजून निघालेल्या वस्तू त्यांनी गोळा केल्या आणि तशाच वर टांगल्या. मी खाली उभा राहून वर बघत होतो. पाण्याच्या तळाशी बसून वर पाहिलं तर असंच दिसेल असं वाटलं. मोबाईलवर दोन फोटो काढले आणि निघालो. पूर त्यांचा होता. माझा नव्हता.

सहाच महिन्यांनी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. आमच्याकडे ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे लहान पोरालाही पाठ असतं. २००५ च्या पुराची रेघ वडिलांनी लाल ऑइलपेंटनं भिंतीवर ओढून ठेवली होती. "याच्या वर काय येत नाही," असं ते पाहुण्यांना सांगायचे. ती रेघ पाण्याखाली जाताना मी पाहिली. पाणी उतरल्यावर हरभट रोडला, मारुती चौकात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाद्या, कपाटं, वह्या, फ्रिज यांचे ढीग लागले. माझ्या स्टुडिओतल्या मिनी डीव्हीच्या कॅसेटी चिखलात लडबडून त्यातच गेल्या. कुणाकुणाची लग्नं होती त्यांत. त्या ढिगापुढे उभा असताना मला कोचीचा तो छताला टांगलेला फ्रिज आठवला आणि त्या बाईंनी काय केलं होतं ते पोटात उतरलं. लोक ज्याला कचरा म्हणून डंपरमध्ये भरतात, त्याच्यापुढे त्यांनी आपल्याला थांबवलं होतं.

तेव्हापासून मी हे प्रकार शोधून शोधून बघतोय. व्हिडिओ आर्ट म्हटलं की आपल्याकडे वाटतं, हे मुंबई-दिल्लीच्या गॅलरीतलं, इंग्रजी बोलणाऱ्यांचं. मलाही तसंच वाटायचं. पण जितकं बघत गेलो तितकं कळत गेलं की यातल्या कितीतरी कामांचा कच्चा माल आपल्यासारख्यांच्याच घरात पडलेला आहे.

मुंबईत कॅम्प नावाचा कलाकारांचा एक गट आहे. शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि संजय भांगर यांनी तो २००७ च्या सुमारास उभा केला. त्यांची 'फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ' म्हणून २०१३ ची एक फिल्म आहे. लाकडी गलबतांवर काम करणारे कच्छचे, सिंधचे, बलुचिस्तानचे, इराणचे खलाशी. त्यांनी स्वतःच्या साध्या मोबाईलवर समुद्रात काढलेले व्हिडिओ घेऊन ती बांधलीय. चित्र फुटकं, हललेलं, रंग उडालेले. खलाशांनी आपापल्या व्हिडिओवर जी गाणी टाकली होती तीही तशीच ठेवलीत. ते बघून माझी झोप उडाली. आपल्या गावातल्या प्रत्येक घरात २०१९ च्या आणि २०२१ च्या पुराचे असेच व्हिडिओ आहेत. गच्चीवरून काढलेले, बोटीतून काढलेले, म्हशी सोडवताना काढलेले. आणि आपण मोबाईल बदलताना जागा होत नाही म्हणून ते पुसून टाकतोय.

याच गटाने आणखी काही जणांबरोबर २००८ मध्ये पॅड डॉट एमए नावाचं इंटरनेटवरचं भांडार सुरू केलं. तिथे तयार फिल्म ठेवण्यावर भर नाही. फिल्म करताना जे फुटेज उरतं, कापलं जातं, ते तिथे ठेवतात आणि कुठल्या मिनिटाला काय आहे ते खाली लिहितात. आमच्या धंद्यात उरलेलं फुटेज म्हणजे भंगार, पार्टीनं अल्बम आणि पेनड्राइव्ह नेला की आम्ही डिस्क मोकळी करतो. मी स्वतः किती पुसलंय ते आठवलं की वाईट वाटतं. वरातीच्या मागे दिसणारा नदीकाठ, आता तिथे नसलेली झाडं, बुजवलेले ओत (पुराचं पाणी पसरायच्या सखल जागा), सगळं त्यात होतं. पूर का साचतो हे सांगायला उद्या कुणी आलं, तर ओत कुठे होता हे दाखवायला आपल्याकडे एक चित्र असायला नको का? कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती अडवलं, यावर आपण दर पावसाळ्यात भांडतो, आणि भांडलं पाहिजेच. पण आपल्या डोळ्यांदेखत बुजलेल्या ओताचा पुरावा आपणच ठेवला नाही.

पुरावा हा शब्द मी अमर कंवर यांच्या कामातून उचलला. ओडिशात खाणी आणि कारखान्यांसाठी जमिनी जात होत्या, त्यावर त्यांनी अनेक वर्षं काम करून 'द सॉव्हरिन फॉरेस्ट' उभं केलं. त्यातल्या फिल्ममध्ये शेत, पाणी, गवत, माणसं शांतपणे दिसत राहतात, आणि यातली जवळपास प्रत्येक जागा आता जाणार आहे हे कळल्यावर साधं गवतसुद्धा बघवत नाही. सोबत भाताच्या २६६ देशी वाणांचं बी मांडलेलं. हे बीसुद्धा गुन्ह्याचा पुरावा का मानू नये, असं ते विचारतात. मला सर्वांत भिडलं ते पुढचं. २०१२ साली हे काम जर्मनीतल्या डॉक्युमेंटाच्या मोठ्या प्रदर्शनात गेलंच, पण त्याच वर्षी भुवनेश्वरलाही मांडलं गेलं, म्हणजे ज्यांचं दुःख त्यांच्या दारात. आणि लोकांनी आपापल्याकडचे पुरावे आणून त्यात भर घालावी अशी सोय ठेवली.

आपल्याकडे बियाण्याच्या जागी काय ठेवता येईल याचा विचार करताना मला हरिपूरची हळदीची पेवं आठवली. सांगलीच्या हळदीचं नाव जगभर झालं, ते निम्मं त्या जमिनीखालच्या कोठारांमुळे. लहानपणी मामाबरोबर गेलो होतो. पेवाचं तोंड उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आत हवा कोंडलेली असते. पेव तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. जळत राहिला तरच माणूस उतरणार. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं आणि कित्येक कायमची गेली. आता हळद गोदामात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये असते. दोरीच्या टोकाला खाली खाली जाणारा तो कंदील कुणीतरी एका शॉटमध्ये, न कापता, धरून ठेवायला हवा होता. तो शॉट माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर मी त्याच्या पाया पडेन.

दुसरी एक कल्पना कितीतरी दिवस डोक्यात आहे. एका भिंतीवर शेजारी शेजारी दोन पडदे. डावीकडे ऑगस्ट २०१९ ची सांगली, बोटी, गच्चीवरची माणसं. उजवीकडे त्याच वर्षीचा जत-आटपाडीचा दुष्काळी पट्टा, उन्हाळ्यातल्या चारा छावण्या आणि टँकरपुढची घागरींची रांग. एकच जिल्हा. निवेदन नाही, आकडे नाहीत. मध्येच दोन्ही पडद्यांवरून एकच आगगाडी जावी, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला कृष्णेचं पाणी घेऊन गेलेली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. बातमीत हे तीन वेगवेगळे विषय असतात, तीन वेगवेगळ्या दिवशी येतात. दोन पडदे शेजारी लावले की डोळ्यांना ते एकत्र बघावंच लागतं. हे काम लेखाला जमणार नाही, भाषणाला तर नाहीच. म्हणून मला ही कला हवी आहे.

यावर माझ्याच मित्रांनी विचारलं, पडद्यावर दाखवून पूर थांबणार आहे का? नाही थांबणार. पण पूर ओसरल्यावर महिन्याभरात आपण किती विसरतो ते मी दोनदा बघितलंय. २०१९ ला शपथ घेतलेली माणसं २०२१ ला परत त्याच तळमजल्यावर नवीन सोफा घेऊन बसलेली होती, मीही त्यांत आलो. विसरणं थांबवता आलं तरी खूप आहे.

आणि आठवण कुणाच्या हातात आहे, हाही प्रश्न आहेच. पुराच्या तिसऱ्या दिवशी मी ड्रोनने काढलेलं एक दृश्य एका वाहिनीनं न विचारता उचललं. वर रडकं व्हायोलिन घातलं, कोपऱ्यात आपला शिक्का मारला. वरून गाव सुंदर दिसत होतं, चहासारख्या पाण्यात लाल कौलं. त्या कौलांखाली एक आजी दोन दिवस माळ्यावर बसून होत्या, ते त्यात नव्हतं. तेव्हापासून मला ड्रोनच्या पुराचा राग येतो. पूर वरून बघायची गोष्ट नाही. गिडियन मेंडेल नावाचे छायाचित्रकार २००७ पासून देशोदेशीचे पूर टिपतात. पूरग्रस्तांना ते त्यांच्याच घरात, कमरेएवढ्या पाण्यात उभं करतात, आणि ती माणसं सरळ कॅमेऱ्यात बघतात. बस्स. त्या नजरेपुढून हलता येत नाही.

आता तर त्यावर नवं संकट आलंय. गेल्या पावसाळ्यात मला तीन ग्रुपवरून आयर्विन पूल कोसळतानाचा व्हिडिओ आला. एआयनं बनवलेला. १९२९ पासून उभा असलेला पूल, रोज त्यावरून जाणारी माणसं, आणि तीच घाबरून तो पुढे पाठवत होती. अजून काही वर्षांनी खरा पूर आणि बनवलेला पूर यांत फरक करायचा तर खऱ्याजवळ तारीख, गल्ली आणि काढणाऱ्याचं नाव असलं पाहिजे.

म्हणून ठरवलंय. येत्या ऑगस्टमध्ये, परवानगी मिळाली तर घाटावर, नाही तर आमच्या गल्लीतल्या बिनखिडकीच्या भिंतीवर, रात्री प्रोजेक्टर लावायचा. गावानं काढलेलं गावाला दाखवायचं, संपूर्ण, न कापता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते याच गावात. नाटकापुढे बसून राहायची सवय या गावाला पिढ्यान् पिढ्यांची आहे. अकरा मिनिटं जिना बघायला बसतील, मला खात्री आहे.

तुमच्याकडचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, चित्र दबतं. मोबाईल घेऊनच या. शनिवारपासून रोज संध्याकाळी सहा ते नऊ स्टुडिओ उघडा ठेवतोय. जुना असेल, स्क्रीन फुटलेली असेल, चालूच होत नसेल तरी आणा, सगळ्या पिनांचे चार्जर जमवून ठेवलेत. कुठली गल्ली, कितवा मजला, तारीख आठवत असेल तर ती, एवढं वहीत लिहायचं. गाणं तुम्ही स्वतः घातलं असेल तर ते राहील. आवाजात शिव्या असतील, रडणं असेल, तरी कापणार नाही, पण दाखवायचं की नुसतं जपून ठेवायचं हे तुम्हीच सांगायचं.

आईला विचारलं, जिन्याचा दाखवू का? म्हणाली, "दाखव. पण पुढचं पण सांग त्यांना, दोनच राहिल्या होत्या मग."