पलंग भिंतीत, पाहुणे गॅलरीत

रत्नागिरीत वन बीएचके घेतलात? अभिनंदन. 380 चौरस फूट कार्पेट म्हणजे तशी चैनच. त्यात गॅलरी मोजू नका. 2016 च्या रेरा कायद्याने ती कार्पेटमधून वगळली आहे. पाहुण्यांना हा कायदा ठाऊक नसतो, ते गॅलरीतही झोपतात.

आणि पाहुणे येणारच. कोकणात तुमचं घर आहे म्हटल्यावर डोंबिवलीच्या माणसाला तुमचं नातं आठवतं, तेही नेमकं मे महिन्यात आणि भाद्रपदात. तेव्हा फर्निचर असं करा, की एकाही वस्तूला एकाच कामावर जन्म काढता येऊ नये. सोफ्याचा दिवाण, कपाटाचं टेबल, टेबलाची इस्त्रीची फळी. घरात आलेल्या माणसाने टेकण्यापूर्वी "हे आत्ता काय आहे?" असं विचारलंच पाहिजे.

सुरुवात बाकापासून करा. त्याच्या पोटात कप्पा काढा आणि पाहुण्यांची ताटं, चादरी, सतरंज्या सगळं त्यात कोंबा. पाहुणे आल्या आल्या बसतात ते त्याच बाकावर. मग पानं घ्यायची वेळ झाली की काकांना उठवायचं, झाकण उचलायचं, ताटं काढायची, काकांना बसवायचं. वाट्या राहिल्या म्हणून पुन्हा उठवायचं. आमचे काका तिसऱ्या खेपेला म्हणाले, "मी उभाच राहतो रे, तुझं होऊ दे."

भिंतभर आरसा लावा. खोली दुप्पट दिसते. पाहुणेही.

सोफा क्रीम रंगाचाच घ्या, म्हणजे सोलकढी कोण कुठे बसून प्यायलं याची नोंद राहते.

सामानात मात्र कंजुषी नको. सुतार एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड, सुचवेल. गुळगुळीत असतं, स्वस्त असतं आणि एकदा ओल लागली की भिजवलेल्या पोह्यासारखं फुगतं. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, हे ते बनवणाऱ्याला कोणी कळवलेलं नसावं. म्हणून आयएस 710 या भारतीय मानकाचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा, मागा. त्याचे थर सुटतात का, हे 72 तास पाण्यात उकळून तपासतात. गणपतीत घर भरलेलं असताना तीन दिवसांत यजमानाचं जे होतं तेच, फक्त प्लायला प्रमाणपत्र मिळतं. बिजागऱ्या 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या, कारण खाऱ्या हवेत नेहमीच्या 304 ग्रेडवरही तांबूस डाग धरतात. या पैशात पाहुण्यांना लॉजवर ठेवता आलं असतं हे खरं. पण लॉजवर ठेवलं तर ते नावं ठेवतात, आणि घरी ठेवलं तर घरी बसून ठेवतात.

खरी शान भिंतीतल्या पलंगाची. तिकडे अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोत, मर्फी नावाच्या एका गृहस्थाने शंभरेक वर्षांपूर्वी त्याचं पेटंट घेतलं. त्याची एकच खोली होती आणि माणसं घरी बोलवायची तर पलंग दिसता कामा नये, अशी गोष्ट सांगतात. म्हणजे त्याला पाहुणे आले की पलंग लपवायचा होता. आपल्याला पाहुणे आले की तो काढायचा असतो. एवढा किरकोळ फरक सोडला तर कल्पना उत्तमच.

या पलंगाचे गॅसचे पंप गादीच्या वजनाला धरून बसवतात. आमचे फोमच्या गादीला धरून बसवले. मे महिन्यात आत्या आली. "फोमवर माझी पाठ धरते, माझी गादी घाल," म्हणाली. गावाहून आणलेली कापसाची, निम्म्या खोलीची गादी घातली. पलंग असा खाली आला की खालच्या मजल्यावरचे वर आले. पुन्हा उभा करायला मी, चुलतभाऊ आणि खालच्या मजल्यावरचेच लागलो.

मग भाद्रपद. गावच्या घराच्या वाटण्या झाल्यापासून गणपती आमच्याकडे असतो. मखराला जागा एकच, हॉलमधली, त्या पलंगासमोरची. सुताराने खिडकी मोजली, पंखा मोजला, पलंग उतरल्यावर पाय जातील तिथे चार इंच जास्तीचे सोडले. बाप्पाला कोणी मोजलं नव्हतं. वर्षातून ज्या पाच दिवसांत घरात अकरा माणसं झोपतात, नेमके तेच पाच दिवस पलंग भिंतीत, गादी पलंगात आणि समोर समई. सुताराला फोन केला, तर म्हणाला, "दीड दिवसाचा करा की."

तेव्हा तुम्हीही प्लॅन काढताना आधी हे बघा आणि मग आमच्यासारखंच करा.

रात्री आरत्या आटोपल्यावर आत्या म्हणाली, "मला आपली एक सतरंजी दे, मी खालीच पडते." सतरंजी बाकात होती. बाकावर काका घोरत होते.