म्हणे, सेट अप करण्यासाठी टॅप करा

अण्णांवर ओरडता येत नाही, म्हणून इथं ओरडायलोय.

काल सकाळी साडेसातला आंघोळीला गेलो. मोबाईल ओसरीवरच्या खाटेवर. डोकं पुसत बाहेर आलो तर अण्णा नाकावर चष्मा घेऊन माझ्या मोबाईलकडं बघत बसलेले, अन् चेहऱ्यावर मोटार दुरुस्त केल्यासारखं समाधान.

"तुझ्या मोबाईलला काहीतरी अडचण आली होती रे. केलो बरं मी."

"काय केलात?"

"ते म्हणायलं टॅप करा. केलो. परत काहीतरी विचारलं, परत दाबलो. गोल गोल फिरलं अन् झालं म्हणलं."

गोल गोल फिरलं! जेमतेम अर्धा मिनिट फिरलं असेल. तेवढ्यात यंदाच्या सप्त्यातली सात कीर्तनं, काल्याचं आठवं, हरिपाठ, दिंडी, गावजेवणाच्या पंगती, सगळं मिळून 74 जीबी साफ. मोबाईलमधलं मेमरी कार्ड धुतलेल्या पाटीसारखं. अन् वर अण्णाच मला म्हणायले, "मराठीत लिहिलं होतं की. मराठीत सांगायलं म्हणल्यावर ऐकावं लागतंय."

आता ह्याला काय उत्तर देणार?

माझा राग मोबाईलवर आलेल्या त्या दोन ओळींवर आहे. कार्ड असमर्थित आहे, सेट अप करण्यासाठी टॅप करा. असमर्थित म्हणजे काय रे? कार्ड धडधाकट होतं. त्याच्यावर ईएक्सटी4 नावाची फाईली मांडायची पद्धत होती, जी ह्या मोबाईलच्या स्वतःच्या पोटातसुद्धा चालते. कर्नलला, म्हणजे मोबाईलच्या प्रणालीच्या गाभ्याला, ती वाचता येते, लिहिता येते. पण बाहेरून आलेल्या कार्डावर तीच दिसली की ते व्होल्ड नावाचं, कार्डं सांभाळणारं आतलं कारकून म्हणतं, मी फक्त फॅट अन् एक्सफॅट ह्या दोन पद्धतींना ओळखतो, बाकीच्यांनी रांगेतून बाहेर व्हा. बरं, ओळखत नाहीस तर गप बस ना. ते नाही. रानात अनोळखी पीक दिसलं म्हणून रोटाव्हेटर फिरवायचा, अन् मालकाला सांगायचं की रान तयार करून दिलं. ह्याला सेट अप म्हणतात. 'सगळं पुसण्यासाठी टॅप करा' असं लिहिलं असतं तर अण्णांनी बोट लावलं असतं का? ते एटीएमच्या बटनालासुद्धा दोनदा विचारून हात लावतात. पुढच्या पडद्यावर फॉरमॅट असा शब्द असतो म्हणे. असतो. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की झालं का मराठी? पासष्टीच्या माणसाला फॉरमॅट म्हणजे अर्जाचा नमुना वाटतो.

अन् कृपा करून कोणी "बॅकअप घ्यायचा ना आधी" म्हणू नका. हे वाक्य बोलणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे. घरात चोरी झाल्यावर "कडी लावली नव्हती का" म्हणणाऱ्यांच्या खानदानातली ही माणसं. बॅकअपच घेत होतो मी! परवा रात्री कार्ड काढून चुलतभावाच्या लॅपटॉपला लावलं. विंडोजला ईएक्सटी4 कळत नाही, तर तेपण तेच म्हणलं: वापरायच्या आधी डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करू का? जिकडं जावं तिकडं एकच प्रश्न. मी हसून नाही म्हणलं, मोठ्या रुबाबात. चुलतभावाला वर दोन वाक्यं लेक्चर दिलं की आपण असल्या सूचनांना भीक घालत नसतो. कार्ड परत मोबाईलमध्ये घातलं, उद्या लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली, तिला ईएक्सटी4 कळते) बघू म्हणलं, अन् झोपलो. कार्ड जोडून उघडायची, म्हणजे माउंट करायची, माझी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) फक्त मोबाईल चालू होताना पळते, मधेच कार्ड घातलं तर नाही. म्हणजे कार्ड रात्रभर बिनमाउंटचं, अन् वर नोटिफिकेशन दार वाजवत उभी.

केबल लावून मोबाईलमधूनच कॉपी करता आलं असतं. हे मला आत्ता, हे लिहिताना सुचतंय. जाऊ द्या.

ईएक्सटी4 करायची खाज कशाला होती, हे विचारणारे विचारतीलच. मागच्या साली कार्डावर फॅट32 होती. फॅट32 वर एक फाईल 4 जीबीच्या पुढं जात नाही. काल्याचं कीर्तन रंगात आलेलं, महाराजांनी गवळणीचा प्रसंग घेतलेला, अण्णा गळ्यात वीणा घेऊन मधोमध उभे, पोरं हंडीकडं सरकायलेत, अन् माझं रेकॉर्डिंग 4 जीबीला भिंतीला धडकल्यासारखं बंद. मी ट्रायपॉड लावून लांब उभा, मला पत्ताच नाही. हंडी फुटली, लाह्या उडाल्या, ते काहीच नाही. वर्षभर गावानं विचारलं, "हंडी कुठंय रे?" हंडी फॅट32 नं खाल्ली, असं कोणाला सांगणार होतो?

मंग एक्सफॅट का नाही केली? कारण व्होल्ड ओळखत असलं तरी माझ्या मोबाईलचा कर्नल लिनक्सचा 4.14, त्यात एक्सफॅट नाही. एक्सफॅट आली 2006 साली. 32 जीबीच्या वरचं प्रत्येक कार्ड कारखान्यातून एक्सफॅट होऊनच येतं. पण तिचा तपशील सगळ्यांसाठी खुला झाला 2019 मध्ये, अन् मंगच ती लिनक्सच्या 5.4 कर्नलमध्ये शिरली. तेरा वर्षं! म्हणजे दुकानात मिळणारं कार्ड एक बोली बोलतंय, माझा मोबाईल दुसरी, अन् मधे दुभाष्या म्हणून मी. तेही रूट करून, म्हणजे मोबाईलचे सगळे हक्क स्वतःकडं घेऊन.

रूटचं पण सांगतो. सुपरयूजर! नाव ऐकून वाटतं आपण मोबाईलचे मालक झालो. मालक कसले, आपण सालगडी. पहिल्या रात्री मॅजिस्क हे रूटचं ॲप टाकून टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाईप करायच्या पडद्यावर, माउंट केलं, यादी काढली, सगळ्या फाईली दिसल्या. गॅलरी उघडली तर काहीच नाही. परत टर्मिनल, आहेत. परत गॅलरी, नाहीत. एकाच मोबाईलमध्ये दोन जगं. रात्री दीडला कळलं की प्रत्येक ॲपची माउंटची चूल वेगळी असते, तुम्ही तुमच्या खोलीत केलेलं माउंट शेजारच्या खोलीला दिसत नाही. त्यासाठी एसयू ह्या रूटच्या हुकमाच्या पुढं दोन एम लावून सगळ्यांच्या मोठ्या घरात जाऊन माउंट करावं लागतं. दोन एम! त्या दोन अक्षरांपायी माझी एक रात्र गेली.

दुसऱ्या रात्री दिसायला लागलं, पण लिहिता येईना. परमिशन डिनाइड. मी रूट, अन् मलाच परवानगी नाही? नाही, तुम्हाला आहे हो साहेब, कॅमेऱ्याला नाही. कारण ईएक्सटी4 सातबाऱ्यासारखी आहे, प्रत्येक फाईलला मालकाचं नाव लागतं. फॅटला तसलं काही नसतं, ती गायरान. मंग सगळं 1023 नंबरच्या मालकाच्या, म्हणजे मोबाईलमधल्या मीडिया खात्याच्या, नावावर केलं. तरी नाही. का, तर एसईलिनक्स, परवानगीचा दुसरा पहारेकरी. सातबारा झाला, आता फेरफार दाखवा. तिसऱ्या रात्री त्याचंपण लेबल चिकटवलं, सर्व्हिस डॉट डी ह्या फोल्डरमध्ये (त्यातलं मोबाईल चालू होताना आपोआप पळतं) स्क्रिप्ट टाकली, मोबाईल बंद-चालू केला अन् चाललं. खरंच चाललं! यंदाचं काल्याचं कीर्तन एका अखंड फाईलमध्ये, 11 जीबी, हंडीसकट. मी एकटाच पहाटे तीनला अंगणात नाचलो. कुत्रं भुंकलं.

पंधरा दिवस मी गावात कॉलर ताठ करून फिरलो. आता कळतंय की ती मांडणी गंगाखेड ते परभणी पसरली असती तरी तिला एक बोट पुरत होतं.

आता निघालंच आहे तर जुनीपण काढतो. 2013 ची अँड्रॉइडची किटकॅट आवृत्ती आठवते का? आपलं कार्ड, आपल्या पैशाचं, अन् एका अपडेटमध्ये बाहेरच्या ॲपांना त्याच्यावर लिहायला बंदी. मी तेव्हापासून रूट करायलोय, म्हणजे माझ्या व्यसनाला जबाबदार कोण ते बघा. मंग 2015 ला मार्शमॅलो आवृत्तीनं लाडीगोडी लावली, कार्डाला अंतर्गत स्टोरेज करा, दत्तक घ्या. घेतलं दत्तक. ते कार्ड कुलूपबंद होतं अन् किल्ली राहते मोबाईलमध्ये. माझा तो मोबाईल शेतातल्या हौदात पडला. कार्ड कोरडं, ठणठणीत, अन् कुणालाच वाचता येईना. असलं दत्तकविधान जगात कुठं बघितलंय का?

ते हायब्रीड खोबणीचं तर काय बोलावं. दोन सिम, नाहीतर एक सिम अन् कार्ड. आमच्या गावात एका कंपनीची रेंज गच्चीवर, दुसरीची वेशीत. कोणतं सिम काढू? अन् आता तर खोबणीच गायब व्हायलीय. रूट केला म्हणून बँकेचं ॲप तोंड फिरवून बसतं ते वेगळंच. पेट्रोल पंपावर मी एकटाच नोटा मोजणारा. मागं गाड्यांची रांग, अन् पंपावरचं पोरगं विचारतंय, "दादा, फोनपे नाही?"

परभणीच्या उरुसातून आणलेल्या 1 टीबीच्या कार्डाचा विषय मी काढणार नव्हतो. साडेतीनशे रुपयांना 1 टीबी. हो, घेतलं. हसा. मोबाईल 1 टीबीच दाखवायचा, कॉपीपण व्हायचं, पण पंधरा जीबीच्या पुढं जे टाकू ते पोकळीत. जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् परभणीत साडेतीनशेत टीबी घेणारा मी.

त्याच्यापेक्षा ती जुनी दुकानं बरी होती, 'मेमरी भरून मिळेल' पाटीची. 2 जीबीची चिप, वीस रुपये, पाचशे गाणी. त्यात भक्तिगीतांच्या मधेच कोणाच्या तरी वरातीचा व्हिडिओ निघायचा, पण चालायचं. माउंट हा शब्द कोणाच्या बापाला माहीत नव्हता.

असो. काल दिवसभर कार्ड लिनक्सला लावून पुसलेल्या फाईली शोधणारं फोटोरेक चालवलं. 128 जीबी म्हणून विकत घेतलेल्या, मोजल्यावर 119 भरणाऱ्या कार्डाचा सेक्टर न् सेक्टर धुंडाळला. बाहेर 43 अंश, आत मी अन् पंखा. दोनदा लाईट गेली. मला भाबडी आशा होती की झटपट फॉरमॅट नुसती अनुक्रमणिका फाडतं, पानं जाग्यावर असतात. तर कळलं की व्होल्ड फॉरमॅटच्या आधी कार्डाला डिस्कार्डचा हुकूम देतं, म्हणजे पूर्ण जागा मोकळी समज अन् टाकून दे. कार्डपण आज्ञाधारक. माझ्या हुकमाला तीन रात्री लागल्या, त्याच्या हुकमाला अर्धा मिनिट. संध्याकाळी सापडलेल्या फाईली: शून्य. अन् कार्डावर आता काय आहे? फॅट32. परत 4 जीबीचं तेच कुंपण.

अण्णांना सांगितलं, सगळं गेलं. त्यांनी जरा वेळ काही बोललं नाही. मग आत गेले, देवळीतून एक पेनड्राईव्ह आणला. मंडपवाल्या साउंडच्या पोरानं दिलेला. आठही कीर्तनं, नुसता आवाज, एमपी3, फॅट32 वर. ट्रॅक्टरच्या टेपला लावतात म्हणे रोज. "मला कुठं बघायचं असतंय रे," म्हणले, "मी तर तिथंच होतो."

पेनड्राईव्ह मी मोबाईलला ओटीजी जोडणीनं लावून बघितला. एका सेकंदात उघडला. काही विचारलं नाही, टॅप करा म्हणलं नाही. हंडी फुटतानाचा आवाज दोनदा ऐकला. मागं कोणीतरी माझ्याच नावानं ओरडायलंय, "आरं, चालू हाय का नाही तुझं?"

ती स्क्रिप्ट अजून सर्व्हिस डॉट डी मध्ये तशीच आहे. मोबाईल चालू केला की बिचारी उठते, कार्डावर ईएक्सटी4 शोधते, लॉगमध्ये 'इनव्हॅलिड अर्ग्युमेंट' लिहून ठेवते अन् झोपते. आज सकाळी काढायला म्हणून उघडली होती. बंद केली परत.