‘आशाताई काय डॉक्टर आहेत का?’ या फॉरवर्डला उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. आधी गावच्या ग्रुपवर, मग भावकीच्या, मग पुण्यातल्या सोसायटीच्या. म्हणणं थोडक्यात असं की आशा, म्हणजे गावात घरोघरी जाणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे फुकटचा सरकारी पगार, दहावी शिकलेली बाई काय उपचार करणार, वर पेशंट नेऊन कमिशन खातात, त्यापेक्षा तोच पैसा डॉक्टरांवर खर्च करा. घेऊया एकेक.

पगार. अहो, पगार नाहीच आहे! 2005 ला ग्रामीण आरोग्य अभियानात हे पद आलं तेव्हापासून त्या कागदोपत्री स्वयंसेविका, जेवढं काम तेवढा मोबदला, पेन्शन वगैरे विसरा. 2024 च्या मार्चमध्ये राज्याने या मोबदल्यात महिन्याला 5000 वाढवले ते पण संप करून, आझाद मैदानात बसून मिळवलेले. बाळ दवाखान्यात जन्मलं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी आशाने घरी जायचं, सहा भेटींचे मिळून 250 रुपये. भाग द्या, भेटीला 42 सुद्धा पडत नाहीत, मग वाडी डोंगरापलीकडे असली तरी तेवढेच.

आता ‘दहावी शिकलेली’. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 1990 च्या दशकात 39 गावांत तिथल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर, शेजारच्या बाकी गावांशी तुलना करता, 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय ते. त्या आरोग्यदूत गरज पडली तर इंजेक्शनही द्यायच्या, आशाचं काम तेवढं नाही हे खरंय. पण 2011 पासून देशभर ज्या घरभेटी चालू झाल्या त्यांचं मूळ तिथलंच. आणि भेटीत करतात काय? बाळाला झोळीत घालून काट्याला लटकवून वजन, काखेत थर्मामीटर, आणि घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. 60 किंवा जास्त आले तर परत मोजायचे, तरी तेवढेच आले तर बाळ ताबडतोब दवाखान्यात. याला एमबीबीएस लागत नाही, वेळेवर घरात येणारं माणूस लागतं.

कमिशन. काही जणी खाजगीत पेशंट नेतात, नाकारत नाही. त्याची तक्रार जरूर करा. पण मग कट देणाऱ्या हॉस्पिटलबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळ का नाही बुवा?

राहिलं ‘डॉक्टर द्या’. द्या की, कोण नको म्हणतंय! पण सरकारी दवाखाना फुकट असला तरी तिथपर्यंत जाणं फुकट नसतं, वडापचं (शेअर जीपचं) भाडं, दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याची पण बुडते, म्हणून लोक दुखणं अंगावर काढतात आणि मग एकदम मोठ्या हॉस्पिटलात कर्ज काढून जातात. टीबीचंच बघा. गोळ्या फुकट, पण कोर्स सहा महिन्यांचा, दोन महिन्यांत खोकला थांबला की माणूस म्हणतो झालो बरा, गोळ्या बंद, आणि मग औषधांना दाद न देणारा टीबी घेऊन परत येतो, तो बरा करायला खर्च कितीतरी पट. त्याच्या दारात जाऊन ‘काका, आजची गोळी घेतली का’ विचारायला डॉक्टर येणार आहे का रोज?

एक तक्रार मात्र त्या मेसेजमध्ये असायला हवी होती, ती नाहीये. कुठे कुठे भेट न देताच रजिस्टर भरलं जातं. साधारण वीस आशांमागे एक गटप्रवर्तक असते, तपासणं तिचं काम, आणि तिलाही गाडीखर्च धड मिळत नाही. तुमच्या घरी बाळ असेल आणि आशा आलीच नसेल तर उपकेंद्राच्या नर्सताईंना नाहीतर पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना सरळ फोन लावा.