खुलासा : आयरिश जनता वर्षात 26 टक्के श्रीमंत झालेली नाही

‘मंदीतून सावरलेल्या आयर्लंडची जनता 2015 मध्ये एका वर्षात 26 टक्क्यांनी श्रीमंत झाली’ असा मेसेज फिरतोय. त्यातला आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा. जुलै 2016 मध्ये तिथल्या केंद्रीय सांख्यिकी कार्यालयानं जीडीपीची, म्हणजे देशातल्या एकूण उत्पादनाच्या मूल्याची, वाढ 26.3 टक्के जाहीर केली होती. पण ती मुख्यतः बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली पेटंटसारखी मालमत्ता आयर्लंडच्या हिशेबात दाखवल्यामुळे होती. तो पैसा घराघरांत गेला नाही. म्हणून तर याच कार्यालयानं 2017 पासून असे परिणाम वगळणारं सुधारित राष्ट्रीय उत्पन्न द्यायला सुरुवात केली.

माणसं कशी जगतात ते याच कार्यालयाच्या घरोघरच्या पाहणीत दिसतं. घर उबदार ठेवता येतं का, मजबूत बुटांचे दोन जोड आहेत का, पावसात टिकेल असा उबदार कोट आहे का, अशा 11 गोष्टी विचारतात. पैशाअभावी दोन किंवा जास्त गोष्टींना मुकलेले लोक 2007 मध्ये सुमारे 12 टक्के होते, 2013 मध्ये 30 च्या वर गेले. 2015 मध्येही चारातला एक जण त्यात होताच. बेकारी मात्र खरोखर घटली होती, तेही सांगायला हवं.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.