पुस्तकी किंमत ८४० रुपये

लॅपटॉपला एकदम मरण येत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष. मिक्सर जळतो, घरभर वास सुटतो, विषय संपतो. गीझर बंद पडला की दुसऱ्या दिवशी नवा येतो, कारण जानेवारीत गार पाण्याने अंघोळी करत साधकबाधक चर्चा करायची कोणाची तयारी नसते. लॅपटॉप मात्र हप्त्याहप्त्याने जातो. आज बिजागरी, दिवाळीच्या सुमारास बॅटरी, पुढे कधीतरी एखादं बटण. आणि त्यातला कुठलाही हप्ता घेतला तरी तो नव्या लॅपटॉपपेक्षा स्वस्तच असतो. तिथेच माणूस अडकतो.

माझा लॅपटॉप २०१७ सालचा. मी डोंबिवलीत घरी बसून लोकांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची आणि आयकराची रिटर्न्स भरते. तेव्हा हे यंत्र ही आमची चूल आहे असं म्हणायला हरकत नाही. गेल्या पावसाळ्यापर्यंत तिची प्रकृती अशी होती: वरच्या ओळीतलं ७ केव्हाच गेलेलं, नमपॅडवरचं ७ दाबलं तर कधी उमटायचं, कधी नाही आणि कधी दोनदा. ७ आणि ७७ यांत फरक असतो असं आयकर खात्याचं मत आहे, त्यामुळे मी एका कोपऱ्यातल्या वर्ड फाइलमध्ये एक सात कायमचा जपून ठेवला होता आणि लागेल तिथे तो कॉपी-पेस्ट करत होते. बॅटरी प्लग काढल्यावर निरोप घेण्यापुरती चालायची. वीस-पंचवीस मिनिटं काम केलं की पंखा विमानासारखा घोंघावायचा आणि मग पडदा काळा. तारीख बहुधा १९ असायची, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेची आदली.

डाव्या बिजागरीची कथा वेगळी. ही बिजागरी काही वर्षांनी घट्ट होत जाते, आणि ती ज्या प्लास्टिकमध्ये बसवलेली असते ते प्लास्टिक मात्र ठिसूळ होत जातं. त्यात पितळेच्या मुगाएवढ्या नट्स रुतवलेल्या असतात. एक दिवस झाकण उघडताना कट् असा आवाज येतो आणि स्क्रू, नट आणि प्लास्टिकचा तुकडा असे तिघे हातात हात घालून बाहेर येतात. आमचे सासरे, अप्पा, रेल्वेच्या परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, "एम-सील आण."

"अप्पा, तो लॅपटॉप आहे."

"मग? आम्ही डबे जोडलेत."

एम-सीलने बिजागरी बसली ती अशी की पुन्हा हलली नाही. हलली नाही म्हणजे अजिबातच नाही. पडदा एका ठरावीक कोनात कायमचा थांबला. लॅपटॉप मिटेना. पिशवीत जाईना. अप्पांच्या दृष्टीने हा फायदाच होता: मिटत नाही म्हणजे बिजागरीवर ताण नाही.

मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याचं मत अर्थातच वेगळं. "आई, हा बदलायलाच हवा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि ११ याच्यावर चढत नाही, प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा लागतो." माझा सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकले. मी विचारलं, काही मुदतवाढ वगैरे? तर आहे म्हणे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट नोंदणी करून मिळतात. माझा जीव भांड्यात पडला. आमच्या धंद्यात मुदतवाढीइतका गोड शब्द नाही. २०२५ मध्ये आयकर रिटर्नची तारीख ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली आणि मग ऐन शेवटच्या रात्री १६ सप्टेंबर. ज्या लोकांनी ती रात्र पोर्टलवरच्या गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत काढली, त्यांना एक वर्ष म्हणजे काय ते विचारा.

"नाही तर विंडोज काढून लिनक्स टाक," मुलगा म्हणाला. हे वाक्य तो दर अडचणीला म्हणतो. माझ्याकडे अशिलांच्या डिजिटल सह्यांचे टोकन आहेत, पेनड्राइव्हसारखे, प्रत्येकाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, निराळा. जीएसटीच्या पोर्टलवर सही उमटवायला एमसायनर नावाचा एक प्रकार लागतो, आणि तो कधी चालेल हे त्याच्या मर्जीवर असतं. हे सगळं या लॅपटॉपवर कसंबसं एकत्र नांदतंय. कोणता ड्रायव्हर आधी आणि कोणता नंतर टाकला होता, ते आता कोणालाच आठवत नाही. नवा लॅपटॉप घेणाऱ्याला दुकानदार फक्त लॅपटॉपची किंमत सांगतो. हा संसार पुन्हा मांडायचे दिवस कोण मोजतो? त्यात हल्लीचे सडपातळ लॅपटॉप. जुन्या पद्धतीचं यूएसबीचं भोक एखादंच, आणि तिथे टोकन लावलं की माउसने जायचं कुठे?

मग मी माझ्या पद्धतीने विचार केला, म्हणजे घसारा काढला: वापराने वस्तूची दरवर्षी झिजणारी किंमत, जी खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येते. कंपनी कायद्याप्रमाणे लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं. त्या हिशेबाने माझा लॅपटॉप २०२० मध्येच वारला, आणि लॉकडाऊनमधली मुलाची सगळी ऑनलाइन शाळा एका दिवंगत यंत्रावर झाली. आयकर कायदा मात्र मनाने मऊ. तो दरवर्षी उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा देतो, त्यामुळे किंमत कमी होत जाते पण शून्य कधीच होत नाही. ५०,००० चे ३०,०००, त्याचे १८,०००, मग १०,८००, असं उतरत उतरत मार्च २०२५ अखेर माझ्या लॅपटॉपची पुस्तकी किंमत ८४० रुपये. मी तो आकडा घरात मोठ्याने वाचून दाखवला. अप्पा म्हणाले, "बघ, अजून किंमत आहे." मुलगा म्हणाला, "बघ, काही किंमत नाही." आकडे स्वतःच बोलतात असं जे म्हणतात, त्यांनी आमच्या घरी जेवायला यावं.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवा घ्यावा, असा एक नियम सगळे सांगतात. नियम चांगला आहे, फक्त तो कधी लागू पडत नाही. कुठलीच एक दुरुस्ती निम्म्यावर जात नाही. अडीच हजार, अठराशे, चार हजार. शिवाय दुरुस्ती हा महसुली खर्च, त्या त्या वर्षात लिहून मोकळं व्हायचं. १ एप्रिलला पाटी कोरी. सगळ्या वर्षांची एकत्र बेरीज मी मुद्दाम केलेली नाही. अशिलांची करते, त्याचे पैसे मिळतात.

नवरा मध्यममार्गी. त्याने नो कॉस्ट ईएमआय सुचवला. मी त्याला समजावलं की त्यात व्याजाएवढी सूट आधी देतात, मग बँक व्याज लावते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी घेते, तेव्हा 'नो कॉस्ट' हे नाव प्रेमाने ठेवलेलं आहे. लॅपटॉपवरही जीएसटी १८ टक्केच. माझी उलाढाल २० लाखांच्या आतली, म्हणून मी जीएसटीत नोंदलेली नाही. जगाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, जुळवते आणि स्वतःला दमडीचं मिळत नाही. शिवाय आता ऑक्टोबर उलटला होता. आर्थिक वर्षात वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच मिळतो. विंडोज १० ने १४ तारखेला राम म्हणण्याऐवजी दोन आठवडे आधी म्हटला असता, तर गोष्ट वेगळी होती.

"म्हणजे घसाऱ्यासाठी एप्रिलपर्यंत सात नसलेला लॅपटॉप वापरायचा?" नवरा म्हणाला. "आणि तो घसारा बुडत तर नाही ना, पुढच्या वर्षी मिळतोच." तो हिशेबाने बरोबर होता, म्हणून मी विषय बदलला.

कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. न मिटणारा लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात घालून लोकलच्या लेडीज डब्यात नेणं म्हणजे काय, हे ज्यांनी नेला त्यांनाच कळेल. बायकांनी मला बसायला जागा दिली, त्यांना वाटलं काहीतरी नाजूक आहे. केंद्रात एसी, टोकन नंबर, गळ्यात पट्टा घातलेला मुलगा. त्याने लॅपटॉप उघडलाच नाही. आधीच उघडा होता म्हणा. मॉडेल नंबर टाकला आणि हळहळून म्हणाला, "मॅम, हे एंड ऑफ लाइफ आहे. मदरबोर्ड बदलावा लागेल, पण पार्ट येत नाही." आणि लगेच दुसऱ्या हाताने नव्या मॉडेल्सचं पत्रक पुढे केलं. डॉक्टरने नाडी न बघता तिरडीवाल्याचा नंबर द्यावा, तसं झालं.

शेवटी लॅमिंग्टन रोड. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं, आणि मग ज्या रस्त्याची पाटी डॉ. भडकमकर मार्ग सांगते पण ज्याला त्या नावाने कोणी विचारत नाही, त्या रस्त्यावरच्या एका जिन्याखालच्या गाळ्यात. दुरुस्ती करणारा तिशीतला, तोंडात स्क्रू, कपाळाला दिवा. त्याने एम-सीलवर बोट फिरवलं आणि कौतुकाने विचारलं, "हे कोणी केलं?"

"सासऱ्यांनी. परळ वर्कशॉप."

"दिसतंय," तो म्हणाला.

मग त्याने तळ उघडला. पंखा आणि हीटसिंकची तांब्याची जाळी यांच्या मध्ये धुळीची गादी बसली होती, करडी, दाबलेली, कडेने व्यवस्थित चौकोनी. चिमट्याने ओढली तर अख्खी एका तुकड्यात निघाली. आत माझे केस, मांजराचे केस आणि बहुधा २०१९ ची हळद. "हा तुमचा मदरबोर्ड," तो म्हणाला आणि ती गादी कचऱ्यात टाकली. वाळून खडू झालेली जुनी थर्मल पेस्ट त्याने खरवडली आणि वाटाण्याएवढी नवी लावली. बॅटरीकडे आल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला. टचपॅड मधोमध का उचलला गेलाय, हे मला तेव्हा कळलं. खालची बॅटरी फुगली होती. मी अनेक महिने त्यावर मनगट टेकून लोकांची टॅक्स क्रेडिट जुळवत होते. "मॅडम, हिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, आणि घरी तर न्यायचीच नाही. पेटते ही," असं म्हणून त्याने ती दोन बोटांनी उचलली आणि वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवली.

मी धीर करून विचारलं, "खरं सांगा, नवा घेऊ का?"

"घ्या की. पण आता नको. रॅमचे भाव बघितलेत? सगळे कारखाने एआयच्या सर्व्हरची मेमरी करण्यात गुंतलेत. नव्यात रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. तुमच्यात सुटी पट्टी आहे, आठ जीबीची. विकायची असेल तर सांगा, आत्ता देतो पैसे." त्याने जो आकडा सांगितला तो ८४० च्या कैक पट होता. आठ वर्षांचा घसारा काढून झाल्यावर पोटातली एक पट्टी भाव खाऊन बसली होती. मला एकदम घरात जमीन निघाल्यासारखं वाटलं.

पट्टी विकली नाही. बॅटरी नवी, कीबोर्ड नवा, जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. बिजागरीचा एम-सील काढताना त्याचा ड्रिल बिट मोडला, तो त्याने बिलात लावला नाही. मी पक्कं बिल मागितलं. तो जरा चपापला, मग ड्रॉवर उचकून बिलबुक काढलं आणि विचारलं, "जीएसटीचं काम करता का तुम्ही? आमचा माणूस फोनच उचलत नाही. दोन महिन्यांचं रिटर्न राहिलंय."

आता तो माझा अशील आहे. त्याची खरेदीची बिलं चहाचे डाग घेऊन व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि त्याचं रिटर्न याच लॅपटॉपवरून जातं. दर महिन्याच्या १८ तारखेला फोन येतो. मी कशी आहे हे तो विचारत नाही. "पंखा आवाज करत नाही ना? सात येतोय ना?" एवढंच विचारतो, आणि माझं उत्तर ऐकून मगच फोन ठेवतो.